माझ्या जागेची जाहिरात

सेंत-फिलोमेन, अबितिबी, क्वेबेक
मे संपत आला, बर्फ संपलेला नाही

प्रिय लोरेन,

घटस्फोट होऊन इतकी वर्षं झाल्यावर माणसाने आपल्या माजी बायकोकडे कोट टांगायच्या खुंटीची तक्रार न्यावी का, यावर मी पुष्कळ विचार केला आणि न्यावी असं ठरवलं. प्रकरण गंभीर आहे. शिक्षकांच्या खोलीत दारापासून चौथी खुंटी माझी. त्या खुंटीवर माझ्या नावाची पट्टी होती, ती मागच्या आठवड्यात कोणीतरी काढली. खुंटी आहे, पट्टी नाही. आपल्या शिपायाला, रेआलला, विचारलं. तुझ्या काळातही शाळेतली प्रत्येक गोष्ट घडायच्या आधी रेआलला ठाऊक असायची. तो म्हणाला, "रंग द्यायचाय." मी म्हटलं, "एकट्या माझ्या खुंटीला?" तर म्हणतो, "सुरुवात कुठून तरी करायलाच लागते की, गाएतां." रंगाचा डबा मला अजून दिसलेला नाही. कोट मी खुर्चीवर टाकतो, खुर्ची ओली होते, ओल्या खुर्चीवर मी बसतो आणि विचार करतो की या इमारतीत काहीतरी शिजतंय.

माझ्याविरुद्ध काही शिजावं इतका मी मोठा माणूस नाही, असं तू म्हणशील. पण माझी परिस्थिती तुला कोणी नीट सांगितलेली नसणार. माझा पेपर बंद पडल्यावर मी शाळेत फ्रेंच शिकवायला लागलो, एवढं आपल्या लेकीने, रोझालीने, सांगितलं असेल. कशाच्या जोरावर शिकवतो, ते तिलाही माहीत नाही. ती विचारत नाही, मी सांगत नाही. माझ्याकडे शिक्षकाची सनद नाही. बिनसनदी माणसाला वर्गात उभं करायचं तर शाळेला वरून एक परवानगी काढावी लागते आणि तिचं सरकारी नाव आहे 'सहनशीलता'. मी बनवलेलं नाही, खरंच आहे. मला नेमलेलं नाही, मला सहन केलेलं आहे. तेही जूनअखेरपर्यंतच. म्हणून दर वसंतात माझी जागा रिकामी असल्याची जाहिरात निघते. आत मी विशेषणं शिकवत असतो आणि बाहेर भिंतीवर लिहिलेलं असतं की इथे कोणी नाही. सनदवाला एक जरी अर्ज आला आणि माणूस बरा निघाला, की मी गेलो. कोणीच आलं नाही, तर शोधूनही मिळालं नाही हे सिद्ध झालं, म्हणून मला आणखी एक वर्ष सहन करतात. म्हणजे माझी नोकरी माझ्या लायकीवर चालत नाही, बाकीच्या जगाच्या अनिच्छेवर चालते. तुम्हा सनदवाल्यांना हा नियम माहीत असायचं काही कारणच नाही. ज्याची जागा कायमची, तो जाहिरात कशाला वाचेल?

गंमत पुढे आहे. ती जाहिरात तपासायला माझ्याकडेच येते. मुख्याध्यापिका त्रुदेलबाई पहिल्या वर्षी म्हणाल्या, "गाएतां, तुम्ही इतकी वर्षं पेपर काढलात, तुमच्या नजरेतून चूक सुटत नाही. जरा बघता का?" तेव्हापासून ती प्रथाच पडली. माझ्या गच्छंतीचा मजकूर मी लाल पेनाने सुधारून देतो. आतापर्यंत फक्त स्वल्पविराम दुरुस्त करायचो. पण यंदा मजकूर इतका रटाळ होता की मला राहवलं नाही. पेपरवाल्याची खोड. 'दुर्गम भाग, निवासाची सोय नाही' हे काढून टाकलं आणि तिथे लिहिलं: 'सकाळी सरोवरावरचं धुकं शाळेच्या खिडकीपर्यंत येतं आणि पहिली घंटा झाली की मागे सरतं.' त्रुदेलबाई म्हणाल्या, "वा, मलाच अर्ज करावासा वाटतोय." मी दिवसभर खूश होतो. स्वतःच्या फासाला रेशमी दोर वापरून एवढा खूश झालेला माणूस या प्रांतात दुसरा नसेल.

पंधरवड्यात अर्ज आला. एकच. सनदवाला.

हे मला कोणी सांगितलं नाही, वागण्यावरून कळलं. त्रुदेलबाई माझ्याशी गोड बोलू लागल्या. माझ्या टेबलावर ब्लूबेरीचा मफिन ठेवून गेल्या. जी बाई फोटोकॉपीचे कागद मोजून देते, ती मफिन देते तेव्हा मफिन खाऊ नये, असं मला वाटलं. खाल्ला, पण वाटलं. मग इव्हों. गणिताचा इव्हों तुला आठवेल, तेव्हा केस होते. आता तो युनियनचा प्रतिनिधी आहे आणि सनदेचा इतका अभिमानी, की ती त्याने घरी टीव्हीच्या वर लावलीय. हा इव्हों सगळ्यांदेखत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "माझं तुझ्याशी वैर नाही हां, गाएतां. तत्त्वाचा प्रश्न आहे. उद्या ऑपरेशनला सुताराला बोलावतील." मी म्हटलं, "डॉक्टर मिळत नसेल आणि सुताराचा हात स्थिर असेल तर मी झोपेन बाबा टेबलावर." सगळे हसले, इव्हों सर्वांत मोठ्याने. त्या हसण्यावरून माझी खात्री पटली की त्यानेच आणलाय कोणीतरी. त्याची भाची शेरब्रुकला शिक्षणशास्त्र शिकतेय. मी गुपचूप चौकशी केली. भाचीने शिक्षण सोडून कुत्र्यांचं सलून काढलंय. मग मी रेआलवर आलो, मग चित्रकलेच्या बाईंवर, कारण त्यांनी दोनदा विचारलं की उन्हाळ्यात काय बेत. एखाद्याची नोकरी जाणार हे माहीत असल्याशिवाय कोण विचारतं असं?

खरं सांगायचं तर इव्हों तत्त्वतः बरोबर आहे, याचाच मला राग येतो. पहिल्या वर्षी मी जे केलं त्याला शिकवणं म्हणता येणार नाही. मी मुलांना अग्रलेख वाचून दाखवायचो. मुलं माझ्याकडे असं बघायची, जसं आपण बंद पडलेल्या गाडीकडे बघतो. चाचणीत अर्धा वर्ग नापास झाला आणि मुलांचा त्यात दोष नव्हता. जो हे रीतसर शिकलाय, त्याला पहिल्याच महिन्यात कळलं असतं. मला कळायला वर्ष लागलं, आणि ते वर्ष त्या मुलांचं गेलं. त्यानंतर मी सुधारलो. आता तिसरीतल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना, तुमच्या भाषेत माध्यमिक तीन, मी गावातल्या बातम्या लिहायला लावतो. गेल्या हिवाळ्यात खाणीच्या संपावर त्यांनी लिहिलं. बाप एका बाजूला आणि काका दुसऱ्या बाजूला, अशी मुलं एका बाकावर बसून एकच परिच्छेद लिहीत होती आणि शब्दाशब्दावर भांडत होती. मी खिडकीशी उभा राहून ऐकत होतो. पेपर चालवताना इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. ही मुलं पुढच्या वर्षीही माझ्याकडे असावीत, त्यांना मी चौथीत नेऊन सोडावं, एवढीच माझी इच्छा होती. आणि ती इच्छा त्या एका अर्जावर टांगलेली होती, म्हणून मी मफिनवरही संशय घेत होतो.

मग त्रुदेलबाईंची जीभ घसरली. नाव सांगायची त्यांना मनाई आहे, आणि नाव त्यांनी सांगितलंही नाही. कॉफी ओतता ओतता म्हणाल्या, "फोनवर मुलाखत घेतली. अनुभवी आहेत. पण माणसं काय काय विचारतात! पगाराचं नाही, घराचं नाही. विचारतात काय, तर कोपऱ्यातल्या वर्गातला रेडिएटर अजून दुसऱ्या तासाला ठकठक करतो का?" सगळे हसले. मीही हसलो, थोडा उशिरा. वर्ग गरम ठेवणारा तो जुना रेडिएटर, लोरेन, अजूनही दुसऱ्याच तासाला ठकठक करतो. गावात राहिलेल्यांना त्याचं काही वाटत नाही, आणि नव्या माणसाला तो माहीत असणं शक्य नाही. तो फक्त अशा व्यक्तीला आठवेल, जिने नऊ हिवाळे त्या वर्गात शिकवलं, जी डस्टरने त्याला एक फटका देऊन "बस, आता माझी पाळी" म्हणायची आणि संध्याकाळी घरी येऊन मला ते करून दाखवायची.

तरीही संशयी माणूस पुरावा मागतो. रविवारी रोझालीकडे जेवायला गेलो. तिचा नवरा पंधरा दिवस उत्तरेच्या खाणीवर असतो, पंधरा दिवस घरी. या खेपेला नव्हता. वाढलेलं पोट सांभाळत ती स्वयंपाकघरात वावरत होती. खिमा, मका आणि वर बटाटा, तुझ्याच पद्धतीचं. मला दोनदा वाढलं आणि नजर चुकवली. मी म्हटलं, "पोरी, तू काहीतरी लपवतेयस. त्रुदेलबाईंनी मफिन दिला, तू दुसऱ्यांदा बटाटा देतेयस. मला आता जेवणाची भीती वाटायला लागलीय." तर ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला. "बाबा, आईने शपथ घातलीय. ती येतेय! बाळाच्या आधी. शाळेत एक जागा निघालीय, तुझ्याच विषयाची, तिने अर्ज केला. म्हणाली, जाहिरात वाचली आणि कोणी लिहिलीय ते लगेच कळलं. तू आणि ती एकाच शाळेत! शिक्षकांच्या खोलीत भांडलात तर मी ओळख दाखवणार नाही हां." मग डोळे पुसून म्हणाली, "मला एकटीला फार भीती वाटत होती रे." मी म्हटलं, "वाढ अजून बटाटा." तिला तो नियम ठाऊक नाही. तुलाही नाही. तुम्हा दोघींना वाटलं, खुर्च्या दोन आहेत.

तेव्हा आता या पत्राचं कारण. सोमवारी त्रुदेलबाई तुला फोन करून होकार मागतील. मंगळवारपर्यंत इव्हों कुठून तरी तुझा नंबर मिळवून, तत्त्वाला धरून, तुला सांगेल की ती जागा कोणाची होती. आणि मी तुला ओळखतो. तू काही न बोलता अर्ज मागे घेशील, मला कळूही देणार नाहीस, आणि रोझालीला सांगशील की हवामान मानवत नाही. तसं करू नकोस. केलंस तरी उपयोग नाही. आज दुपारी मी त्रुदेलबाईंना दोन ओळी लिहून दिल्या की पुढच्या वर्षासाठी माझ्या नावाने परवानगी मागू नये. त्यांनी कारण विचारलं, मी वय सांगितलं. म्हणजे आता तू नाही म्हणालीस तर ती जागा खरोखरच रिकामी राहील, आणि संपावर एकत्र लिहिणारी माझी पोरं दर आठवड्याला नव्या बदलीच्या माणसासमोर बसतील. मी रोजंदारीवर बदली शिक्षक म्हणून नाव नोंदवलंय. कोणी आजारी पडलं की मला बोलावतील. इव्होंला दम्याचा त्रास आहे, त्यामुळे आशा आहे. तुला माएली नावाची मुलगी मिळेल. ती मोठ्याने वाचत नाही. तिला हॉकीचे निकाल वाचायला दे, मग थांबवता येत नाही. आणि हे मी मोठेपणाने करतोय असा संशय घेऊ नकोस. मला पेपर काढायचा होता म्हणून तू क्वेबेक शहरातली तुझी कायमची जागा सोडून या थंडीत आलीस, तेव्हा तूही मुख्याध्यापकांना दोनच ओळी लिहिल्या होत्यास. मी विचारलं होतं, वाईट नाही वाटत? तू म्हणालीस, सामान बांध. लोरेन, सामान बांध.

तुझाच, म्हणायची सवय न सुटलेला,
गाएतां