पिशवीत राहिलेलं पत्र

प्रिय दादा,

तू असतास तर हसला असतास. "नीतू, एका जिन्याच्या अंतरावर बसतेस आणि पत्रं कसली लिहितेस?" काय करू? जिन्याखाली आता तू नाहीस, आणि पत्रं लिहिणं हाच माझा धंदा आहे. बावीस वर्षं मी दुसरं केलंय काय? नेमणुकीची पत्रं, मेमो, आणि एप्रिल सरत आला की ती दुसरी. आजही टेबलावर अठरा पत्रं सहीला आली आहेत. "आपली सेवा आज संपुष्टात येत आहे." मजकूर माझाच. गेल्या वर्षी एकोणीस होती.

सही करायच्या आधी म्हटलं, तुझी फाइल बंद करून टाकू. अडीच महिने टाळत होते. कॉम्प्युटरवर कारण निवडावं लागतं. तात्पुरत्या माणसासाठी तीनच कारणं दिलीत: राजीनामा, करार संपला, न कळवता गैरहजर. 'मृत्यू' फक्त कायम लोकांच्या यादीत. ती यादी मीच बनवून दिली होती, दादा. तात्पुरता माणूस मरूही शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!

मग कपाटातून तुझी कागदाची फाइल काढली. तिच्यात जे सापडलं त्यासाठी हे पत्र. पण ते सांगेन शेवटी. आधी माझा राग ऐकून घे.

मला या खात्यात आणलं कोणी? तूच ना! अर्नाळ्याच्या आपल्या घरातला पहिला एम.ए. तू. आई विरारच्या बाजारात मासळी घेऊन बसायची आणि गिऱ्हाइकाला पापलेटाचा भाव सांगायच्या आधी तुझी डिग्री सांगायची. तू कॉलेजात इतिहास शिकवायला लागलास आणि वर्षभरात मला तिथल्याच आस्थापना विभागात टायपिस्ट म्हणून चिकटवलंस. म्हणालास, "मास्तर वर्गात घडतो की नाही देव जाणे, पण बिघडतो तो तुमच्या ऑफिसात. तिथे एक तरी बरं माणूस पाहिजे."

झालं का रे तुझ्या मनासारखं?

आईला किती आनंद! "दोगं बी येकाच कालेजात. आता येकमेकाला सांभालून घ्या." तू सांभाळलंस. मी कागदपत्रं सांभाळली.

संध्याकाळचा मनुष्यबळ व्यवस्थापनाचा डिप्लोमा केला, त्याच्या नोट्स तू काढून दिल्यास. हेडक्लार्क झाले, मग एचआर मॅनेजर. दाराला पाटी लागली तेव्हा तू पाटीसमोर उभा राहून म्हणालास, "वा! म्हणजे आता माणसं आमच्याकडे आणि व्यवस्थापन तुमच्याकडे." सगळे हसले. मीही हसले. तेव्हा ते टोचलं नाही, आज टोचतंय.

तेवीस वर्षं तू ते भोगलंस. एप्रिलअखेर काढायचं आणि जूनमध्ये नवा माणूस आल्यासारखं पुन्हा घ्यायचं. मधे दीड महिन्याचा खंड. सेवा सलग झाली तर माणूस कायम होण्याचा हक्क सांगतो, म्हणून ती सलग होऊच द्यायची नाही. हे मला शिकवलं गेलं आणि मी ते उत्तम शिकले. माझ्या हाताखाली कोणाचाही खंड चुकला नाही. तुझा सोडून.

तुला आठवतं ते वर्ष? मूल्यांकनाची समिती यायची होती, आम्ही सगळे वेड्यासारखे धावत होतो. पत्रं हातोहात द्यायची आणि कार्यालयीन प्रतीवर सही घ्यायची, ही पद्धत. सगळ्यांची दिली. तू उत्तरपत्रिका तपासायला बाहेर गेला होतास. म्हटलं, संध्याकाळी मनवेलपाड्याला दादाकडे जायचंच आहे, घरीच देईन. पिशवीत टाकलं. त्याच पिशवीत वहिनीसाठी घेतलेला लाल माठ. भाजी वहिनीच्या हातात दिली, पिशवी घरी नेऊन खुंटीला अडकवली आणि विसरले! परक्याचं असतं तर विसरले असते का? घरचं म्हणूनच राहिलं.

मे महिनाभर तू प्रवेशाच्या टेबलावर बसलास. जूनमध्ये मस्टरवर सही करत राहिलास. कोणी हटकलं नाही. जुलैत संस्थेच्या सचिवांनी प्रती मागवल्या आणि तुझी प्रत कोरी निघाली. तोवरच्या बारा वर्षांत पहिल्यांदा तुझी सेवा सलग झाली होती, दादा. तुझ्या बहिणीच्या विसरभोळेपणाने तुला मिळालेली ती एकच चांगली गोष्ट!

सचिवांनी आवाजही चढवला नाही. चहा मागवला. म्हणाले, "नीता मॅडम, घरातला प्रश्न आहे, घरातच मिटवा. एप्रिलमध्ये पत्र मिळालं होतं, सही तेवढी राहिली होती, एवढंच." मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्या बढतीचं या महिन्यात घ्यायचं ना?"

त्या रविवारी मी आले. तू जेवत होतास. बोंबलाचं कालवण होतं, वहिनी भाकऱ्या टाकत होती. मी म्हटलं, "दादा, इथे सही कर. दरवर्षीचंच आहे." तू डाव्या हातात कागद धरलास. वाचलास. हो, वाचलास! मी मुद्दाम वहिनीला तांदळाचं पीठ कुठून आणतेस म्हणून विचारत होते, पण माझं अर्धं लक्ष तुझ्याकडेच होतं. तू उठून हात धुतलास, पुसलेस, सही केलीस आणि कागद परत दिलास.

म्हणालास, "बस. जेवून जा."

आणि मी जेवले रे! भाकरी परत मागून घेतली.

महिन्याभरात बढती झाली. पेढे कोणी वाटले? तूच! टेबलाटेबलावर जाऊन. "आमची नीतू एचआर मॅनेजर झाली." मला वाटलं, बरं झालं, याला काही कळलेलं नाही. बारावी नापास शिपायालाही कळलं असतं, आणि मी धरून चालले की इतिहासाच्या मास्तरला कळलं नाही! सोयीचं असलं की माणूस काय काय धरून चालतो बघ.

का गप्प बसलास? भांडला असतास तर? माझ्या केबिनमध्ये येऊन कागद तोंडावर फेकला असतास तर? सकाळी आपलं कॉलेज, दुपारी गोखिवऱ्याचं, संध्याकाळी उमेळ्याचे क्लास. स्कूटरवर डबा खायचास. पन्नाशीला आलेला माणूस असा धावतो का? एकदा थकून म्हणालास, "नीतू, यंदा तरी जागा निघेल का गं?" मी काय उत्तर दिलं आठवतं? "प्रस्ताव पाठवलाय." बाहेरच्यांना देते तेच वाक्य तुलाही दिलं.

बाराव्याला वहिनी म्हणाली, "ताई, दर मे महिन्यात फोन वाजला की हे दचकायचे. वाटायचं, जूनला नको येऊ म्हणून सांगतायत." मी तिच्या हातावर हात ठेवला. दचकवणारी मी, आणि धीर देणारीही मीच. लाज कशी वाटली नाही मला?

आणि ती शोकसभा! तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसातली मनीषा चाचरत आली. "मॅडम, सरांसाठी शोकसभा... परिपत्रकात फक्त कायम कर्मचारी म्हटलंय." परिपत्रकाखाली सही कोणाची? माझी. तुझी मुलं मात्र आपणहून मैदानात जमली. ना माईक, ना फोटो. कोणीतरी एकाने "सर" एवढंच म्हटलं आणि सगळी खाली माना घालून उभी राहिली. मी वरून खिडकीतून बघत होते. खाली आले नाही. का? तर स्वतःच्या भावासाठी नियम वाकवला असं कोणी म्हणू नये म्हणून! वाकवायचा तेव्हा तो तुझ्याविरुद्ध बरा वाकवला होता.

आता सांगते फाइलीत काय सापडलं ते.

तो कागद. रविवारचा. त्या दिवशी मी तो बघितलाही नव्हता, सोमवारी घाईघाईने फाइलला लावून मोकळी झाले होते. वर छापलेली तारीख एप्रिल अखेरची. खाली तुझी सही. आणि सहीच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, तुझ्या हातची तारीख. जुलैतल्या त्या रविवारची. खरी.

मुलांना काय सांगायचास तू? "कागदावर तारीख नसेल तर तो कागद नाही, चिठोरं आहे. आणि खोटी असेल तर चिठोऱ्याहून वाईट." इतक्यांदा घोकवलेलं, ते स्वतः कसं विसरशील?

म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं. तुझ्या हक्काचा पुरावा तू स्वतःच्या हाताने लिहिलास आणि माझ्याच कपाटात ठेवायला दिलास. एकदा मागितला असतास तर तू कायम झाला असतास आणि मी घरी बसले असते. तू मागितला नाहीस. बहिणीला सांभाळून घेतलंस. आईचं एवढं ऐकायला कोणी सांगितलं होतं? मला वाचवून तू मला कुठे ठेवलंस, याचा विचार केलास का रे दादा? तुझा राग येतो. खूप येतो. माझा तर याहून येतो, पण माझ्यावर ओरडायला आता तूही नाहीस.

ती अठरा पत्रं तशीच पडली आहेत, मी त्यांवर सही केलेली नाही. सचिवांचा दोनदा फोन येऊन गेला. तिसऱ्यांदा आला की सांगणार आहे की सही होणार नाही. ते दुसऱ्या कोणाकडून करून घेतील, मला माहीत आहे. माझ्या हातून होणार नाही, एवढंच माझ्या हातात आहे.

आणि तुला वचन देते. या रविवारी मनवेलपाड्याला जाईन. तू बसायचास त्याच जागी बसून वहिनीला सगळं सांगेन, पिशवीपासून परत मागितलेल्या भाकरीपर्यंत. ती मला हाकलून देईल. देऊ दे. पण जाताना तुझा तो कागद आणि माझा लेखी जबाब तिच्या हातात ठेवून जाईन: पत्र एप्रिलमध्ये दिलं नव्हतं, जुलैत मी स्वतः सही घेतली, खंड खोटा आहे. तुझ्या हक्काचं मागायला कोर्टात न्यायचा तर ती नेईल, मी साक्षीला उभी राहीन. नोकरी जाईल, पाटी उतरेल. उतरू दे.

जबाब आत्ताच लिहून झालाय. खाली सही केली आहे. आणि सहीखाली तारीख, दादा. आजचीच.

तुझी,
नीतू