अनंताचं निम्मं

गुरुजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग काही जात नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून मोकळेपणी लिहिते.

वर्ध्याजवळच्या आंजीच्या शाळेत मी चौथीत होते. वर्धा तेव्हा अजून मध्यप्रदेशात होतं. शाळा सुटलीय, मी तुमच्या ओसरीवर बसलेय आणि तुम्ही खडूने जमिनीवर आकड्यांची पंगत बसवताय. एका ओळीत एक, दोन, तीन. समोरच्या ओळीत दोन, चार, सहा. "पाह्य, एकाच्या समोर दोन बसला, दोनाच्या समोर चार. कोणी एकटा राह्यला काय?" मी म्हणते, "नाई जी." "मंग दोन्ही पंगती सारख्याच. जे सरतच नाई, त्याचं निम्मं कसं करशीन?" त्या दिवशी जेवणात माझं लक्षच नव्हतं. एवढी मोठी गोष्ट तुम्ही वर्गात कोणाला नाही, मला एकटीला सांगितली, या गुर्मीत मी महिनाभर मिरवत होते.

मग डिपुटी साहेब शाळा तपासायला आले. वर्ध्याला पुढे शिकण्यासाठी शिष्यवृत्तीचं एक नाव ते निवडणार होते. नाव लागलं नाही तर तुझी शाळा बंद, असं बाबांनी मला बजावून ठेवलं होतं. सम-विषम विचारता विचारता साहेबांनी गंमत म्हणून विचारलं, "सगळ्या संख्या जास्त, की सम संख्या?" मी ताडकन उठले. "सारख्याच हायेत जी." साहेब खो खो हसले आणि तुमच्याकडे वळले. तुम्ही काय म्हणालात, गुरुजी? "चुकली पोरगी. सम निम्म्याच असतात, साहेब." सगळा वर्ग हसला. मी तुमच्याकडे बघत होते आणि तुम्ही भिंतीवरच्या नकाशाकडे.

पुढे नागपूरला कॉलेजात सरांनी फळ्यावर हुबेहूब तीच मांडणी केली. मला आनंद व्हायला हवा होता, झाला संताप. तुम्हाला येत नसतं तर मी केव्हाच विसरले असते. पण तुम्हाला येत होतं! बदलीची भीती होती म्हणा, साहेबांचा मान म्हणा. माझ्या बाजूने एक शब्द बोलायला तुमची जीभ का अडली? त्यानंतर मी तुमच्या ओसरीवर पाय ठेवला नाही. तुम्ही गेल्याचं कळलं, तेव्हाही आले नाही.

ही हकीगत मी कितीजणांना सांगितली, पण दरवेळी इथेच थांबते. साहेबांनी मला पुन्हा विचारलं होतं, "हं, आता सांग." मी क्षणभरही न थांबता म्हणाले, "निम्म्या." तेव्हा कुठे त्यांनी वहीत माझं नाव लिहिलं.