कडी

३ मार्च

ति. दादास, सा. न.

टेबल पोचलं. परसातलं झाड मला न विचारता पाडलंस. ते माझं, असं बाबा चारचौघांत म्हणाले होते. दोन वर्षं अवाक्षर नाही आणि आता भरपाई म्हणून हे? एक कड नागमोडी, सालीसकट. मधे गाठ. कोपऱ्यात शाई सांडल्यासारखा काळा डाग. गिऱ्हाइकाने नाकारलेला माल बहिणीच्या गळ्यात मारलास. ह्यांनी विचारलं, दादांचा रंधा हरवलाय का. मी हसले नाही.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायची तसदी नको.

तुझी बहीण


११ मार्च

चि. सौ. धाकटीस, अ. आ.

झाड आतून पोखरलं होतं. पडलं असतं तर माझ्या छपरावर, तुझ्या नव्हे. तरी विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

रंधा जागेवर आहे. झाड जसं वाढलं तशी ती कड आहे. सरळ करायला अक्कल लागत नाही, ठेवायला लागते. आणि डाग शाईचा नाही. तुझ्या झोक्यासाठी बाबांनी फांदीत दोन लोखंडी कड्या ठोकल्या होत्या. झाडाने त्या गिळल्या. लोखंडाने लाकूड काळं पडतं. करवतीचे दात तुटले तेव्हा मला कळलं. कडी आत तशीच ठेवून फळी कापली, दोन वर्षं सावलीत वाळवली. गिऱ्हाइकासाठी मी एवढं करत नाही. जावईबुवांना हसू दे.

आशीर्वाद न मागता देतो आहे.

तुझा दादा


१९ मार्च

ति. दादास, सा. न.

तुझं पत्र दोन दिवस उशिरा आलं. गल्लीतल्या सुताराने कड सरळ केली, डागाचा कोपराही उडवला. तुकडे त्याने पत्र आलं त्याच सकाळी जाळले. मी धावत गेले, तेव्हा त्याने राखेतून कडी उकरून माझ्या हातावर ठेवली. अजून गरम होती.

टेबलाबरोबर एक ओळ लिहायला तुझे हात झिजले असते? हे तुझ्यामुळे झालं.

कड्या दोन होत्या. दुसरी कुठे आहे?

उत्तर लगेच हवं, लोभ नंतर.

तुझी बहीण


२६ मार्च

चि. सौ. धाकटीस, अ. आ.

दुसरी माझ्या टेबलात आहे. मिळणार नाही. एका फांदीची दोन टेबलं केली. ओळ लिहिली नाही, कारण वाटलं तू ओळखशील. झोक्यावर तू बसायचीस, झोके मी द्यायचो.

बघायची असेल तर ये. डागाच्या बाजूची खुर्ची तुझी. बोलायची सक्ती नाही. सुताराला आणू नकोस.

लोभाचं समोर बसल्यावर बघू.

तुझा दादा