मॅनेजरचा फोन

प्रिय डेल्बर्ट,

तिकडे फ्लिन फ्लॉन गावात अजून उणे तीसच आहे म्हणे. इंजिन गोठू नये म्हणून संघाची गाडी रात्री हीटरच्या वायरला लावतोस ना? गेल्या वर्षी विसरलास आणि शेजाऱ्याच्या ट्रकमधून मॅचला गेलास. पुढे त्याचा कुत्रा बसला म्हणून तू मागे! इथे शहरात आमचं नेहमीचंच रडगाणं. आपला संघ गुणतक्त्यात तळाला आहे, आणि मालकाच्या कचेरीत रोज नवीन माणसं येऊन आकडे दाखवतात. गावोगाव हिंडून हॉकीची पोरं हेरणारी तुम्ही मंडळी त्यांना डोईजड झाला आहात. निम्मे कमी कर, असं मला सांगितलंय. कुणाला काढायचं ते मात्र मीच ठरवायचं.

खेळताना माझा गुडघा कामातून गेला तेव्हा मला कुत्रं विचारत नव्हतं. तूच मला गाडी चालवायला घेतलंस. एकदा रिंकवर थंडीने दात वाजत असताना तू एक पोरगा दाखवलास, आणि मी म्हटलं, हा तर बर्फावर धड पळतही नाही. ‘पळणं शिकवता येतं रे. पडल्यावर कुणावर चिडतो ते बघ,’ म्हणालास. पुढे मला जनरल मॅनेजर करायची वेळ आली, तेव्हाही तूच थोरल्या मालकांना सांगितलंस, ‘मायरनला खेळता कधीच आलं नाही, पण माणूस कळतो.’ ही स्तुती होती की टोमणा, मला अजून उमगलेलं नाही.

या खुर्चीने काय दिलं सांगू? माझा फोन कुणी सुखाने उचलत नाही. मॅनेजरचा फोन म्हणजे एकतर काढलं, नाहीतर दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. परवा आपल्या गोलरक्षकाला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला फोन केला, तर हॅलोच्या जागी त्याने विचारलं, ‘कुठल्या गावाला?’ मागे त्याची बायको रडत होती. माझी बायको डॅरिया म्हणते, ‘तुझ्यापेक्षा दातांचा डॉक्टर बरा. तो निदान आधी बधिर तरी करतो.’

आताच्या मालकाशी मी कडाकडा भांडलो. म्हटलं, त्यापेक्षा मला काढा. तो नुसता हसला आणि म्हणाला, ‘तुझीही वेळ येईल, घाई कशाला?’

तुझ्या आर्लीनला पुरून आलो त्या दिवशी तुझ्या स्वयंपाकघरात आपण दोघं बटाटा भरलेल्या गार पेरोगी चिवडत बसलो होतो. घर खायला उठतं, म्हणालास. रिंकवर जायचं असतं म्हणून सकाळी उठतो, नाहीतर कशाला उठू, असंही म्हणालास. आणि मग मला दम भरलास, ‘मला काढशील तेव्हा फोन करायचा नाही. फोन त्या पोरांना. मला पत्र लिहायचं.’ इतक्या वर्षांत मी तुला एकही पत्र लिहिलं नव्हतं, डेल्बर्ट. पाकिटावर माझं अक्षर बघूनच तुला सगळं कळलं असेल, तरी हीटरची चौकशी वाचत इथवर आलास. सोमवारी गाडी न्यायला माणूस येईल. तुझा थर्मास आत राहू देऊ नकोस. सकाळी कशाला उठायचं, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. मला फार वाईट वाटतंय, आणि त्याचा तुला काडीचा उपयोग नाही. शिव्या घालायला फोन करू नकोस. मी उचलणार नाही.

तुझाच,
मायरन