क्लॅरिनेट आणि वरचा दात

४ मार्च, मंगळवार
वरचा समोरचा दात हलतोय. क्लॅरिनेटचं तोंड नेमकं त्याच दातावर टेकतं — आणि कार्यक्रमाला उरलेत अकरा दिवस.

५ मार्च
दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. हिला सांगितलं, टपाल टाकून येतो. डॉक्टर म्हणाले, "काका, उद्याच काढू." म्हटलं, सोळा तारखेला काढा, पंधराला विद्यापीठाच्या जॅझ वाद्यवृंदात वाजवायचंय. त्यांनी असं पाहिलं, जणू दाताबरोबर माझं डोकंही हलतंय. "तोवर काही कडक चावू नका." फुंकण्याचं त्यांनी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

७ मार्च
तालीम. या विद्यापीठाच्या ग्रंथालयात तेहतीस वर्षं पुस्तकं बांधली, पण वाद्य घेऊन आवारात शिरताना अजून चोरट्यासारखं वाटतं. पंधरा पोरंपोरी आणि एक मी. वाद्यवृंद बसवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीपेक्षा लहान. यंदा सगळ्या जुन्या, गाजलेल्या चाली. त्यातल्या एका संथ चालीत दोन ओळी मी एकट्याने वाजवायच्या. इथे वाजवायला लागल्यापासून दोन वर्षांत पहिल्यांदाच!

शेजारी खारूताई बसते, सॅक्सोफोनवाली. फुंकताना गाल असे फुगतात की नाव आपोआप पडलं. तिलाही आवडतं. आज म्हणाली, "काका, आवाज पातळ येतोय." क्लॅरिनेटच्या तोंडाची पत्ती जुनी झालीय, असं सांगून वेळ मारून नेली.

९ मार्च
हिने अक्रोड पुढे केले. नको म्हटलं.
"का? अक्रोड आहेत तर दात नाहीत, असं झालंय की काय तुमचं?"
मी हसलो. ओठ मिटून हसणं फार अवघड.

१२ मार्च
सकाळी वाजवताना तोंडात रक्ताची चव आली. वाटलं, मॅडमना सांगून टाकावं — त्या दोन ओळी दुसऱ्या कुणाला द्या. नंबर काढला. मग फोन ठेवून दिला. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं शिवली, वर नाव त्यांचंच. दोन ओळी तरी माझ्या असू देत.

१३ मार्च
फक्त ताक आणि भात. ही काही बोलली नाही. हिचं न बोलणं म्हणजे जरा जपूनच.

१५ मार्च, शनिवार
वाजवलं.

सभागृह भरलेलं. ही तिसऱ्या रांगेत, मुलगी-जावई शेजारी. मॅडमनी माझ्याकडे बघून मान हलवली. दातावर ओठ दुमडून पहिला सूर धरला. ओठ थरथरत होता. आणि तरीही आवाज भरून आला. इतका गोल, इतका उबदार आवाज माझ्या हातून कधी निघाला नव्हता. भिंतींना लाकूड लावलंय, त्याची करामत असेल. दोन ओळी कधी संपल्या कळलंच नाही. टाळ्या पडल्या तेव्हा माझं लक्ष माझ्या पायातल्या जोड्यांकडे होतं.

नंतर पडद्यामागे मॅडमनी माझा हात हातात घेतला. खारूताई आपलं वाद्य पुसत बसली होती, वर बघेना. ही म्हणाली, "बरं वाजवलंत." छत्तीस वर्षांत हिच्याकडून मिळालेलं हे दुसरं प्रशस्तिपत्र. पहिलं गळका नळ दुरुस्त केल्यावर.

१६ मार्च
दात काढला. डॉक्टरांनीच विचारलं, "काय, जमलं का?" तोंडात कापूस. नुसती मान हलवली, पण जोरात.

२० मार्च
मॅडमनी कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण पाठवलं. तीनदा ऐकलं. माझा सूर पहिल्याच ठिकाणी फाटलाय. दुसऱ्या ओळीत तर मी जवळजवळ ऐकूच येत नाही. ऐकू येतो तो सॅक्सोफोन. हळू, माझ्या बरोबरीने, अगदी सुरुवातीपासून. मी थांबतो तिथे तोही थांबतो.

खारूताईला फोन केला. ती म्हणाली, "काकूंनी बोलावलं होतं. तुम्ही फिरायला गेलात की मी यायचे. सुरावटीच्या कागदावर श्वासाच्या जागा नाहीत ना, काका. तुम्ही कुठे कुठे श्वास घेता, ते त्यांना पाठ आहे."