शनिवारच्या तिसऱ्या

मी, एलिशेबा मनासे आष्टमकर, वय ७४, राहणार पनवेल, खाडी संशोधन केंद्रातील निवृत्त प्रयोगशाळा सहाय्यक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला घरात आहे कोण?

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेव माझी मुलगी रिना, मुक्काम अश्दोद, इस्रायल, हिला द्यावी. तिने फ्लॅट विकला तरी माझी हरकत नाही. विकणारच आहे.

२. माझे भिंग गुणाबाई धर्मा कोळी हिला द्यावे. ती उरणच्या खाडीत तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायची. चिखलात लाकडी चौकट ठेवून आतल्या जिवंत तिसऱ्या मोजायच्या, हे केंद्राचे काम आम्ही दोघींनी बावीस वर्षे केले. शनिवार हा आम्हा ज्यूंचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस; त्या दिवशी मी लेखणी धरत नाही, म्हणून शनिवारी गुणाबाई एकटी मोजायची. तिला लिहिता येत नाही. दहा तिसऱ्यांना जाळ्याच्या दोरीवर एक गाठ मारायची. रविवारी मी गाठी मोजून आकडा वहीत उतरवत असे.

३. निवृत्तीला संचालकसाहेबांनी घातलेली शाल कोणालाही द्या. कोणी घेतली नाही तर पायपुसणे करा. १९९१ साली एका रविवारी गुणाबाईने आणलेल्या दोरीवर एकही गाठ नव्हती. म्हणाली, "बाय, सगल्या तिसऱ्या तोंड उघडून मेल्यात. पानी बिघडलाय." मी साहेबांना कळवले. सोमवारी ते स्वतः जाऊन पाहून आले, आणि शोधनिबंधात तारीख सोमवारची, नाव त्यांचे. बक्षीसही मिळाले. माझ्या वाट्याला शेवटच्या पानावर 'प्रयोगशाळेचे आभार'. जळफळाट झाला होता माझा, आजही होतो.

४. वकील कमळाकर मढवी म्हणतात, मृत्युपत्रात कबुली लिहीत नाहीत. मी लिहिते. बावीस वर्षांत शनिवारच्या आकड्यापुढे मी गुणाबाईचे नाव एकदाही घातले नाही. 'स्थानिक बाई' एवढेच लिहीत गेले. साहेबांनी तसे सांगितले नव्हते, मलाच ते योग्य वाटले. शिकलेली ना मी! साहेबांनी माझे जे केले तेच मी तिचे केले, आणि त्याची मला लाज वाटते. तरी जाहीर करते की शनिवारचा प्रत्येक आकडा गुणाबाईचा आहे, आणि तिसऱ्या मेल्याचे पहिल्यांदा तिनेच पाहिले.

गेल्या महिन्यात रिक्षा करून तिच्याकडे गेले. वह्यांत तुझे नाव घालते म्हटले. ती मासळी निवडत होती, हात थांबला नाही. "घाल ना. पन बाय, तो चिखल कुटं हाय आता?" तिथे भराव पडून कंटेनरची गोदामे झाली आहेत. तरी नावे घालायला बसले आहे. दीड वही झाली.

५. वह्या एकोणीस आहेत. केंद्र बंद पडले. कॉलेजने जागा नाही म्हणून परत पाठवल्या. रिना म्हणते, मोबाइलवर फोटो काढून ठेव आणि दे टाकून. गुणाबाईच्या सुनेनेही हात जोडले, त्यांचे घर गळते. त्या चिखलात काय जगत होते हे सांगणारे दुसरे काही उरलेले नाही. वकील म्हणतात, कलम कोरे ठेवता येत नाही. मी तरी कुठून आणू नाव?

सदर एकोणीस वह्या ______________________ यांना द्याव्यात.

वरील मजकूर मी वाचून, खालील दोघांसमोर सही केली आहे.

एलिशेबा मनासे आष्टमकर

साक्षीदार :
१. आशालता वैद्य, शेजारी
२. धर्मराज ठाकूर, सोसायटीचे सेक्रेटरी

पनवेल, रविवार, १३ जानेवारी २०१३