अर्जाचा मसुदा आणि साबुदाणा वडे

शुगर लँड, टेक्सास
१४ मे १९८७

ती. स्व. चंद्रशेखरराव यांस, बाळचा साष्टांग नमस्कार. आपला गुडघा आणि सरलाताईचं ब्लडप्रेशर ताळ्यावर असावं. इथे मे महिन्यातच घामाच्या धारा लागल्यात, आणि माझं डोकं त्याहून तापलंय.

तेलाच्या मंदीचं निमित्त करून आमच्या कंपनीने नऊ जुन्या प्रोग्रॅमरांना नोटीस दिली आणि त्यांच्या जागी पुण्याच्या एका एजन्सीकडून व्हिसावर पोरं आणली. (जाणाऱ्यांनीच येणाऱ्यांना काम शिकवायचं, हा वर चावटपणा.) पुढचा नंबर माझा, अशी कुजबुज आहे. म्हणून आम्ही समिती काढली. काँग्रेसमनला (म्हणजे इथल्या खासदाराला) अर्ज करायचं ठरलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही पंधरा वर्षांपूर्वी परदेशीच होतो, हे सांगावं तर पंचाईत, न सांगावं तर शरम. तरी ‘परदेशी माणसं परत पाठवा’ असा खरमरीत मसुदा केला. सही मात्र सगळ्यांत शेवटी केली, खोटं कशाला सांगू?

शनिवारी समिती आमच्या घरी जमायची होती. पण त्या पोरांतला गुरुदत्त महिनाभर ब्रेड-जॅमवर जगतोय, हे मृणालिनीच्या कानावर गेलं. तिला राहवेना. तिने त्याच संध्याकाळी त्याच्यासकट चार पोरांना जेवायला बोलावलं. (मला न विचारता. विचारायची पद्धत आमच्याकडे नाही.) त्यामुळे नोटीस मिळालेले आमचे अध्यक्ष बॉब आणि त्यांची खुर्ची मिळालेला गुरुदत्त एकाच सोफ्यावर मांडीला मांडी लावून साबुदाणा वडे खात बसले. मी स्वयंपाकघरात लपलो.

चटणी मागायला आत आलेला गुरुदत्त हळूच म्हणाला, "काका, आम्हाला तुमच्या हाफ सॅलरी देतात. कम्प्लेंट केली तर रिटर्न तिकीट."

मी ते बाहेर सांगितलं. बॉब खवळले, पण पोरांवर नाही. माझा मसुदा फाडून त्यांनी एकच मागणी ठेवली: सारख्या कामाला सारखा पगार. माणूस स्वस्तात मिळेनासा झाला, तर कंपनी कुणाला कशाला काढेल? हे मला सुचू नये, याचा संताप अजून उतरलेला नाही.

मृणालिनीचा नमस्कार. मुलांचं नुसतं ‘हाय’.

आपला,
बाळ

ता. क. चि. गिरीशला त्याच एजन्सीने निवडल्याचं आणि आपण पेढे वाटल्याचं कळलं. अभिनंदन. आपण पाठवलेल्या नेमणूकपत्राच्या प्रतीत ज्या विभागाचं नाव आहे, तिथे सध्या एकच माणूस काम करतो. तो मी.

ता. क. २. भाच्याने सही करण्याआधी माझ्याइतका पगार मागावा. दिला तर तो मानाने येईल, मी विमानतळावर घ्यायला जाईन. नाही दिला तर त्याने येऊ नये, माझी नोकरी राहील. मला दोन्हींचा आनंद होईल. दुसऱ्याचा अंमळ जास्त, पण तेवढं सरलाताईला वाचून दाखवू नये.